कुलूपबंद मोबाईल आणि पोलिसांची मागणी

प्रश्न : माझा धाकटा भाऊ रात्रपाळीहून घरी येत असताना नाकाबंदीवरील पोलिसांनी त्याला थांबवले, गाडीची कागदपत्रे पाहिली आणि मग मोबाईलचे लॉक उघडून व्हॉट्सॲप दाखवण्यास सांगितले. त्याने घाबरून ते दाखवले. त्याला नकार देता आला असता का?
– एक वाचक, रामबाग, इंदूर

उत्तर : होय, देता आला असता. गाडीची कागदपत्रे तपासण्याचा अधिकार पोलिसांना आहे. पण कोणताही गुन्हा नोंदलेला नसताना वाटसरूच्या खासगी गप्पा चाळण्याचा सरसकट अधिकार त्यातून मिळत नाही. खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने 2017 साली पुट्टस्वामी खटल्यात स्पष्ट केले आहे. अशा वेळी हुज्जत न घालता, कोणत्या प्रकरणात आणि कोणत्या कलमाखाली फोन पाहायचा आहे, एवढे शांतपणे विचारावे.

गुन्ह्याचा तपास सुरू असेल तर मात्र चित्र बदलते. आरोपीला स्वतःविरुद्ध साक्ष देण्यास भाग पाडता येत नाही, असे राज्यघटनेचे कलम 20(3) सांगते. पासवर्ड हा माणसाच्या मनातला मजकूर असल्यामुळे तो या संरक्षणात येतो, असे दिल्लीतील विशेष सीबीआय न्यायालयाने 2022 मध्ये मानले. कर्नाटक उच्च न्यायालयाने मात्र 2021 मध्ये त्याच्या उलट मत देऊन, आरोपीने नकार दिल्यास पोलिसांनी न्यायालयाकडून वॉरंट मिळवावे, असा मार्ग दाखवला. मला दिल्लीचे मत घटनेच्या आशयाशी अधिक सुसंगत वाटते, परंतु यांपैकी कोणताही निकाल मध्य प्रदेशातील न्यायालयांवर बंधनकारक नाही. बोटाच्या ठशाची बाजू अधिक कमकुवत आहे, कारण ठसे देणे म्हणजे साक्ष देणे नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने 1961 मध्येच म्हटले आहे. म्हणूनच केवळ बोटाने उघडणाऱ्या फोनपेक्षा सहा आकडी पिन असलेला फोन मी अधिक सुरक्षित मानतो.

फोन जप्त होत असेल तर अंगबळाने अडवू नये आणि त्यातील काहीही पुसू नये. पुरावा नष्ट करणे हा स्वतंत्र गुन्हा आहे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (फौजदारी कार्यपद्धतीच्या कायद्याच्या) कलम 105 नुसार झडती व जप्तीचे, तसेच वस्तूंच्या यादीवर साक्षीदारांच्या सह्या घेण्याचे चित्रीकरण पोलिसांनी करणे आवश्यक आहे. त्या यादीत फोनचा आयएमईआय क्रमांक (प्रत्येक फोनचा स्वतंत्र ओळख क्रमांक) लिहून घ्यावा आणि प्रत मागावी. चौकशीच्या काळात वकिलाला भेटण्याचा हक्क अटक झालेल्याला याच संहितेचे कलम 38 देते. तपासासाठी गरज संपल्यावरही फोन परत मिळत नसेल, तर वकिलामार्फत दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो.