औषध कंपन्या आणि फूड कंपन्या आपल्याला मुद्दाम आजारी ठेवतात का?

तुम्ही विचारलंय की या कंपन्या आपल्याला मुद्दाम आजारी ठेवतात का, आणि ठेवत नसतील तर आजाराच्या मुळाबद्दल कुणीच का बोलत नाही. मला विचाराल तर असा कुठलाही कट वगैरे नाहीये. पण तुमचा आजार मुळातून गेला किंवा झालाच नाही तर त्याचे पैसे कुणालाच मिळत नाहीत, त्यामुळे ते काम करायला कुणी पुढे येत नाही.

मी काही वर्षं एमआर म्हणून, म्हणजे डॉक्टरांना भेटून कंपनीची औषधं लिहायला सांगणारा प्रतिनिधी म्हणून काम केलंय. दर महिन्याच्या मीटिंगमध्ये कुठल्या ब्रँडचा सेल किती वाढला, कुठले डॉक्टर आपलं लिहितात, कुठले दुसऱ्या कंपनीचं लिहितात, टार्गेटला किती कमी पडलं यावर तासन् तास चर्चा चालायची, पण किती पेशंटची गोळी बंद झाली हा आकडा मी एकदाही ऐकला नाही, कारण तो कुणी काढतच नव्हतं. सोबतची माणसं चांगली होती, स्वतःच्या आईवडिलांच्या बीपीची काळजी करणारीच होती, पण त्यांचा पगार त्या आकड्यावर ठरत नव्हता.

हे फक्त माझं निरीक्षण नाही. २०१८ मध्ये गोल्डमन सॅक्स या बँकेच्या एका रिपोर्टमध्ये सरळ विचारलं होतं की पेशंट बरे करणं हे टिकणारं बिझनेस मॉडेल आहे का. उदाहरण दिलं होतं गिलियड या औषध कंपनीच्या हेपेटायटिस सी या लिव्हरच्या आजारावरच्या औषधाचं. ते औषध ९० टक्क्यांहून जास्त लोकांना बरं करतं, त्यामुळे उपचार लागणारे पेशंटच कमी होत गेले आणि अमेरिकेतला त्याचा सेल २०१५ नंतर घसरला. म्हणजे औषध इतकं चांगलं निघालं हीच गुंतवणूकदाराच्या हिशोबात अडचण झाली. मला हे वाचून राग आला होता, आजही येतो.

आता डायबेटिस घ्या. अमेरिकेत ३,२३४ लोकांवर एक मोठी ट्रायल झाली, २००२ मध्ये रिझल्ट आला. सगळे डायबेटिसच्या उंबरठ्यावरचे. एका गटाला मेटफॉर्मिन ही डायबेटिसची गोळी दिली, एका गटाला वजन ७ टक्के कमी करायचं आणि आठवड्याला १५० मिनिटं चालणं वगैरे व्यायाम करायचा असं टार्गेट दिलं, आणि एका गटाला नुसती दिसायला औषधासारखी गोळी. त्या शेवटच्या गटाशी तुलना केली तर मेटफॉर्मिनवाल्यांत डायबेटिस होण्याचं प्रमाण ३१ टक्क्यांनी कमी झालं आणि व्यायाम-वजनवाल्यांत ५८ टक्क्यांनी. पण त्या गटाला नुसतं 'वजन कमी करा' सांगून सोडलं नव्हतं, प्रत्येकाच्या मागे शिकवणारा, फोन करून विचारणारा माणूस होता. खरा खर्च तो आहे. चालण्याचा ब्रँड नसतो, त्यामुळे तो खर्च करायला कुठलीच कंपनी तयार होणार नाही आणि डॉक्टरकडे एका पेशंटला द्यायला पाच-दहा मिनिटं असतात, तेवढ्यात गोळीच लिहून होते, त्यात त्या डॉक्टरला तरी काय दोष देणार.

फूड कंपन्यांच्या बाबतीत मात्र मी एवढा समजुतीने बोलणार नाही, कारण तिथे जाणूनबुजून केल्याचे पुरावे आहेत. १९६७ मध्ये हार्वर्डच्या संशोधकांनी हृदयविकारावर एक मोठा लेख लिहिला, त्यात साखरेचा दोष कमी दाखवून सगळा भर फॅटवर टाकला, आणि त्यासाठी साखर उद्योगाच्या संस्थेने ६,५०० डॉलर दिले होते. लेखात त्याचा उल्लेख नव्हता. जुनी पत्रं सापडली आणि २०१६ मध्ये हे बाहेर आलं, तोपर्यंत जवळपास ५० वर्षं गेली होती. आणि सिगारेटवाल्या फिलिप मॉरिसने १९८५ मध्ये जनरल फूड्स आणि १९८८ मध्ये क्राफ्ट विकत घेतली होती, म्हणजे बरीच वर्षं सिगारेट आणि पॅकेटचं खाणं एकाच मालकाकडे होतं.

लोक म्हणतात कंट्रोल नाही म्हणून जाडी वाढते. २०१९ ची केव्हिन हॉल या अमेरिकन संशोधकाची स्टडी बघा. २० जणांना दवाखान्यातच ठेवलं, दोन आठवडे अल्ट्रा-प्रोसेस्ड, म्हणजे कारखान्यात खूप प्रक्रिया केलेलं खाणं आणि दोन आठवडे साधं खाणं, दोन्हीत समोर ठेवलेल्या कॅलरी, साखर, फॅट, फायबर सारखंच, आणि पाहिजे तेवढं खा म्हणून सांगितलं. अल्ट्रा-प्रोसेस्डवर तीच माणसं रोज साधारण ५०० कॅलरी जास्त खात होती आणि वजन वाढलं, साध्या खाण्यावर तेवढंच उतरलं. माणसं तीच, मन तेच, बदललं फक्त ताट. मग दोष माणसाच्या कंट्रोलचा कसा? चिलीने २०१६ पासून साखर, मीठ, फॅट जास्त असलेल्या पाकिटांवर काळे शिक्के सक्तीचे केले, मला असे नियम जास्त महत्त्वाचे वाटतात, कारण ते तुमच्या-माझ्या इच्छाशक्तीवर अवलंबून नाहीत.

पण एक गोष्ट कळकळीने सांगतो. हे सगळं वाचून कुणी गोळ्या बंद करू नका. 'मूळ कारणावर इलाज' म्हणत पावडरी आणि डिटॉक्सची पाकिटं विकणारेही धंदाच करतात, आणि त्यांना तर पुरावाही द्यावा लागत नाही. इन्सुलिन, बीपीच्या गोळ्या, लसी यांनी माणसं जगतात, हे मी डोळ्यांनी बघितलंय. तुम्हाला टाइप टू डायबेटिस असेल तर पुढच्या वेळी डॉक्टरांना एवढंच विचारा की माझं वजन किती उतरलं तर औषध कमी करता येईल, आणि ते कमी करताना तपासण्या कधी कधी करायच्या. ब्रिटनमध्ये डॉक्टरांच्या देखरेखीखाली कडक डाएट करून जवळपास निम्म्या लोकांचा डायबेटिस वर्षभरात औषधाशिवाय आटोक्यात आला होता, दुसऱ्या वर्षी ते प्रमाण ३६ टक्क्यांवर आलं, म्हणजे टिकवणं सोपं नाही आणि सगळ्यांना जमेलच असंही नाही. पण विचारलं नाही तर त्या पाच मिनिटांत हा विषय निघतच नाही.