बाळाचे नाव की बाळाला नावे?

प्रश्न : बारशाच्या आमंत्रणात भाच्याने ‘बाळाला नावे ठेवण्याचा कार्यक्रम’ असे छापले आणि घरभर हशा झाला. एका अनेकवचनाने एवढा अर्थ बदलतो?

उत्तर : निम्मा दोष अनेकवचनाचा, निम्मा ‘ला’चा. जुळ्यांच्या बारशानंतर ‘बाळांची नावे ठेवली’ म्हटले तर कोणी हसणार नाही. ‘ची’ने अर्थ सावरला. ‘बाळांना नावे ठेवली’ म्हटले की एक रडके ठरले आणि दुसरे नकटे. शंका आली तर मधे प्रत्यक्ष नाव घालून पाहावे. ‘मुलीचे नाव रेवा ठेवले’ हे जमते. ‘जेवणाला नावे ठेवली’ यात असे काही घालता येत नाही. एकवचन मात्र एका ठिकाणी निंदेच्या अर्थानेही टिकून आहे : ‘व्यवस्था इतकी चोख, की नाव ठेवायला जागा नाही.’

नावे ठेवायला ना पुरावा लागतो ना अधिकार, आणि बहुधा ती पाठीमागेच ठेवली जातात. म्हणून न्यायालय कोणाला नावे ठेवत नाही, ते ताशेरे ओढते. चौकशी समिती ठपका ठेवते. या दोन्हींना ‘वर’ लागतो : ‘अभियंत्यावर ठपका ठेवला’. ‘अभियंत्याला ठपका ठेवला’ हे चूक. ताशेरे म्हणजे कडक शब्दांतली टीका. ठपक्यात चूक अमक्याचीच, हे ठरवलेले असते. बातमीत एकाच्या जागी दुसरा शब्द आला, की जबाबदार कोण ठरले हेच कळत नाही. बोल लावणे वेगळे : तो नशिबाला, परिस्थितीला, नाचता येत नसले की अंगणाला.

प्रश्न : ‘खोड काढणे’ आणि ‘खोडी काढणे’ एकच ना?

उत्तर : नाही. खोड काढणे म्हणजे दोष दाखवणे, तोही बहुतेकदा ओढूनताणून. खोडी काढणे म्हणजे मुद्दाम डिवचणे. खोड कामात काढतात, खोडी माणसाची. घोळ होतो तो अनेकवचनात, कारण ‘खोड’चे अनेकवचनच ‘खोडी’ आणि ‘खोडी’चे ‘खोड्या’. अशा वेळी क्रियापदाकडे पाहावे. ‘मास्तरांनी निबंधात चार खोडी काढल्या’ यात दोष चार. ‘बंडूने मास्तरांची खोडी काढली’ यात चेष्टा एक. तो रोजच काढत असेल तर ‘खोड्या काढतो’. झाडाचे ते खोड नपुंसकलिंगी. त्याचा इथे संबंध नाही.