विचारा तर खरं : रिकामी खुर्ची

प्रश्न : वय 27, बी.कॉम. मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेतून तालुक्याच्या एका कार्यालयात आवक-जावक सांभाळली. मुदत संपली, घरी बसले. मी बसायचे ते लिपिकाचं पद अजून रिकामंच आहे. मग मलाच का घेत नाहीत?
— एक वाचक, गुहागर

उत्तर : अगं, तुझा राग रास्त आहे. मीही आवक-जावकपासूनच सुरुवात केली. पावसाळ्यात रजिस्टरची पानं चिकटायची, पट्टी घालून सोडवायची. कुठला कागद कुठल्या टेबलावर जातो हे कळायलाच नव्या माणसाला काही महिने लागतात. तू ते शिकलीस, पदवीधर म्हणून दरमहा 10,000 रुपये विद्यावेतन सरकारने मोजलं आणि तयार झालेला हात घरी पाठवला!

पण 2024 च्या या योजनेत नोकरीची हमी नाहीच. मुदत आधी 6 महिने होती, नंतर 11 झाली, एवढंच. शिवाय उमादेवी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 2006 साली बजावलंय, की खुल्या स्पर्धेशिवाय लागलेल्याला कायम होण्याचा हक्क नाही. तेव्हा साहेबांच्या ‘बघू’वर राहू नकोस. (आमच्या कचेरीत ‘बघू’ म्हणजे ‘नाही’.)

अशा प्रशिक्षितांना भरतीत थोडे जादा गुण द्यावेत, असं माझं मत. तोवर प्रमाणपत्रावर केलेली कामं नावानिशी लिहून घे. खुल्या वर्गाला 38, मागासवर्गीयांना 43 पर्यंत वय चालतं. जिल्हा परिषदेची जाहिरात आली की फॉर्म लगेच भर. शेवटच्या रात्री नको, पाऊस लागला की आपल्याकडे आधी नेट जातं.