लोअर केलेल्या गाडीसाठी ट्रॉली जॅक घेताना

मित्रा, ट्रॉली जॅक (गाडी उचलायचा चाकांवरचा जॅक) घ्यायला गेलास की दुकानदार आधी टनाचं, म्हणजे तो किती वजन उचलतो ते सांगेल. हॅचबॅक असो वा सेडान, २ टनांचा पुरतो, कारण तू एका वेळी गाडीचा एक भागच उचलतोस. तुझी गाडी लोअर केलेली, म्हणजे जमिनीजवळ आणलेली, त्यामुळे खरी अडचण जॅकच्या खालच्या उंचीची आहे. साधा ट्रॉली जॅक पूर्ण खाली असतानाही साधारण १३० मिमी उंच असतो, लो-प्रोफाइल ७५ ते ९० मिमी. म्हणून आधी टेप घेऊन सपाट जमिनीवर, टायरमध्ये नेहमीची हवा असताना, जॅकिंग पॉइंटखालची (गाडीखाली जॅक लावायच्या ठरलेल्या जागेखालची) उंची मोज. त्यातून जॅकवर ठेवायच्या रबर पॅडची जाडी वजा कर; उरेल त्यात जॅक मावायला हवा. ही जाडी बहुतेक जण विसरतात. पॅड मात्र हवाच, नाहीतर सिलची (दाराखालच्या पट्टीची) कड चेपते.

पुढच्या क्रॉसमेंबरपर्यंत (गाडीखालच्या आडव्या मजबूत पट्टीपर्यंत) पोचायचं असेल तर लांब जॅक बघ, आणि हँडल मारताना बंपरला लागत नाही ना तेही पाहा. तरीही जागा कमी पडली तर चाकं रुंद, जाड फळ्यांवर चढव.

जॅकची चाकं मोकळी फिरायला हवीत, म्हणून मातीत किंवा पेव्हर ब्लॉकवर काम नको. आणि हात जोडून सांगतो, नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली शिरू नकोस. उचललेली गाडी ज्यावर टेकवायची त्या जॅक स्टँडची जोडी त्याच दिवशी घे.