‘ऑस्ट्रेलियाला तर आमचं कोणीच गेलं नाही’

रिपोर्ट खासगी लॅबचा होता. त्यावर छापलं होतं, ‘ऑस्ट्रेलिया अँटिजेन : पॉझिटिव्ह’. नवऱ्याने कागद दोनदा उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाला, "मॅडम, ऑस्ट्रेलियाला तर आमचं कोणीच गेलं नाही ओ. कारखाना सोडून आम्ही कुठं जातोय?"

बीड जिल्ह्यातल्या एका ग्रामीण रुग्णालयात मी समुपदेशक आहे. गरोदर बाईचं रक्त एकदाच घेतलं जातं. त्यातून एचआयव्ही, गुप्तरोग आणि हिपॅटायटीस बी, म्हणजे लोकांच्या भाषेतली पांढरी कावीळ, तिन्ही तपासतात. तिसरी पॉझिटिव्ह आली की प्रश्न ठरलेला असतो : बाळाला होईल का? आणि दुसरा, जो तोंडावर कोणी विचारत नाही : ही बया घरात आणली कोणी?

त्या ऊसतोड जोडप्याची गोष्ट सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत.

ती आली तेव्हा चौथा महिना चालू होता, ऑगस्टचा मध्य. पहिलटकरीण, वय चोविशीच्या आसपास. आमच्याकडे पुन्हा तपासणी केली, तीही पॉझिटिव्ह. इथे माझी चूक झाली. सासूबाई दारातच उभ्या आहेत हे न बघता मी ‘पॉझिटिव्ह’ हा शब्द उच्चारला. आमच्या खोलीच्या दारावर एचआयव्हीची लाल रिबीन आहे. त्या खोलीतून ‘पॉझिटिव्ह’ ऐकू आलं की बाहेरचा माणूस एकच अर्थ लावतो. सासूबाई मटकन बाकावर बसल्या. त्यांना कितपत सांगायचं हा अधिकार सुनेचा होता, मी तो तिला न विचारता वापरून टाकला होता. मग तिची परवानगी घेऊन सगळ्यांना आत बसवलं.

नाव ऑस्ट्रेलियाचं का, तेही सांगितलं. 1960च्या दशकात बारूक ब्लुमबर्ग या अमेरिकी शास्त्रज्ञाला हे अँटिजेन, म्हणजे एक प्रथिन, ऑस्ट्रेलियातल्या एका आदिवासी माणसाच्या रक्तात सापडलं. पुढे कळलं की ते याच पांढऱ्या काविळीच्या विषाणूचं आवरण आहे. नाव तेवढं चिकटून राहिलं. नवरा हसला. खोलीतला ताण उतरायला एवढं पुरलं.

सासूबाईंचा मात्र निकाल लागलेला होता. "म्हंजी माहेराहून घिऊन आली."

मी समजावलं, "मावशी, मोठ्या माणसाला हा विषाणू लागला तर शंभरातल्या पंचाण्णवांचं शरीर तो आपोआप बाहेर काढतं. जन्मताच लागला तर उलटं होतं. शंभरातल्या नव्वद बाळांत तो कायमचा राहतो, आणि वर्षानुवर्षं काही त्रासही होत नाही. हिला बहुतेक जन्मतानाच लागला असेल. हिच्या जन्माच्या वेळी सरकारी लसीकरणात ही लस नव्हती."

आपण फार छान समजावलं असं मला वाटलं. मावशी लगेच म्हणाल्या, "मग तिच्या आईनं दिली की!"

दोष नाहीसा झाला नव्हता, एक घर मागे सरकला होता. हे मला नंतरही अनेकदा दिसलं आहे. शास्त्र सांगितलं की माणसं त्यातूनही गुन्हेगार शोधतात. मी एवढंच विचारलं, "तिच्या आईला कधी कोणी तपासलं होतं का? तुमच्या बाळंतपणात तुम्हाला?" मावशी गप्प झाल्या. त्यांची तिन्ही बाळंतपणं घरात, सुइणीच्या हातून झालेली.

सून एवढा वेळ एक शब्द बोलली नव्हती. शेवटी तिने विचारलं, "पोट पाडावं लागंल का?"

अजिबात नाही. या विषाणूने बाळात व्यंग येत नाही. गर्भात असताना तो क्वचितच लागतो. मुख्य धोका बाळंतपणाच्या वेळी, आईच्या रक्ताशी संपर्क येतो तेव्हा. म्हणजे कधी सावध राहायचं ते आपल्याला आधीच माहीत असतं. इतर किती आजारांत ही सोय मिळते? काहीच केलं नाही आणि आईच्या रक्तात विषाणू जोरात असेल, तर दहातल्या सात ते नऊ बाळांना लागण होते. जन्मल्यापासून 24 तासांच्या आत लसीचा पहिला डोस आणि शक्यतो 12 तासांच्या आत इम्युनोग्लोब्युलिनचं, म्हणजे तयार प्रतिपिंडांचं, इंजेक्शन दिलं तर बहुतेक बाळं वाचतात. दोन सुया, दोन वेगळ्या मांड्यांत. सिझेरियन एवढ्या कारणासाठी लागत नाही. अंगावरचं दूध पाजायचंच. स्तनाग्राला चीर पडून रक्त येत असेल तर तेवढी काळजी घ्यायची.

जिल्ह्याला पाठवलेला व्हायरल लोड, म्हणजे रक्तातल्या विषाणूंचं प्रमाण, दहा लाखांच्या वर आला. दोन लाखांच्या वर असेल तर नुसत्या लसीवर विसंबत नाहीत, म्हणून डॉक्टरांनी 28व्या आठवड्यापासून टेनोफोविर या विषाणूरोधक औषधाची रोज एक गोळी ठरवली. 28 जुलै 2018 पासून यासाठी राष्ट्रीय कार्यक्रम आहे, गोळ्या त्यातून फुकट मिळतात. गावातल्या एकाने काविळीची माळ घालायला सांगितली होती. मी म्हटलं, माळ डोक्यावर घाला, हरकत नाही, पण झाडपाल्याचा काढा पोटात नको. तो यकृतालाच झोंबू शकतो. सगळ्यावर भांडत बसलं की ऐकणारा माणूस उठून जातो.

खरी अडचण वेगळीच होती. 28वा आठवडा नोव्हेंबरात येणार होता आणि तोवर ऊसतोडीची टोळी सांगलीकडे निघणार होती. मुकादमाकडून उचल, म्हणजे मजुरीची आगाऊ रक्कम, घेतलेली, तीही दोघांच्या कोयत्यावर, म्हणजे जोडीच्या कामावर. "यंदा हिला ठेवून जा," असं सांगणं मला सोपं होतं. नवऱ्याने शांतपणे हिशोब मांडला : अर्धा कोयता झाला तर उचल फिटत नाही, पुढच्या साली व्याजासकट. माझ्याकडे त्यावर उत्तर नव्हतं. चोवीस तास म्हणायचे ते उसाच्या फडावर मोजावे लागणार होते.

मग जे हातात होतं ते केलं. कारखान्याच्या भागातल्या रुग्णालयात माझ्यासारखीच एक समुपदेशक बसते, तिला फोन केला. इम्युनोग्लोब्युलिन बाळंतपणाच्या रात्री शोधायची गोष्ट नाही; फ्रिजमध्ये ठेवावं लागतं, विकत घ्यायचं तर हजारोंत जातं, आणि रात्री दोन वाजता मेडिकलवाला ते कुठून आणणार? आठव्या महिन्यातच ते तिथे आणून ठेवायचं ठरलं. डॉक्टरांनी चिठ्ठी लिहिली, ती मी प्लॅस्टिकमध्ये घालून माता-बाल कार्डाच्या आत ठेवली. वरच्या पानावर लाल शाईने काहीही लिहिलं नाही. पूर्वी आम्ही लिहायचो, आणि ते कार्ड फडापासून दवाखान्यापर्यंत दहा जण वाचायचे.

सासूबाई बाळंतपणासाठी सोबत जाणार होत्या. त्यांना वाचता येत नाही. मी एवढंच पाठ करून घेतलं : "दोन मांड्या, दोन सुया, त्याच दिवशी."

मध्यंतरी नवऱ्याचं रक्त तपासलं, निगेटिव्ह. त्याला लसीचे डोस सुरू केले. सहा महिन्यांनंतरचा तिसरा हंगामामुळे चुकला, तो एप्रिलमध्ये परतल्यावर दिला. डोस लांबला म्हणून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही. तिची आईही येऊन तपासून गेली. तिच्या रिपोर्टबद्दल लेकीनेच मला सांगितलं, सासरी सांगितलं नाही. मीही नाही.

घरात मात्र तिचं ताट आणि तांब्या वेगळा झाला होता. हे सप्टेंबरात, तिसऱ्या भेटीत कळलं. ताटातून, पाण्यातून, एका अंथरुणातून, लेकराचा मुका घेण्यातून हा विषाणू जात नाही. रक्तातून आणि शरीरसंबंधातून जातो. दाढीचं ब्लेड, टूथब्रश, न बदललेली सुई, जत्रेतलं गोंदण, यांची भीती बाळगा, ताटाची कशाला? मावशींनी मान डोलावली. ती मान मला चांगली ओळखीची आहे. तिचा अर्थ ‘बरं’ असतो, ‘पटलं’ नव्हे.

जानेवारीत एके दिवशी पहाटे फोन वाजला. मुलगा झाला होता. ड्युटीवरच्या नर्सने सांगितलं होतं की लस सकाळी लसीकरणाच्या सिस्टर आल्यावर मिळेल. त्यावर मावशी कार्ड घेऊन लेबर रूमच्या दारात उभ्या राहिल्या आणि दोन मांड्या, दोन सुया, आजच, एवढंच पुन्हा पुन्हा बोलत राहिल्या. शेवटी कोणीतरी कार्ड उघडलं. आतली चिठ्ठी सापडली, फ्रिजमधलं इंजेक्शनही सापडलं. उजाडायच्या आत दोन्ही सुया झाल्या.

पुढचे डोस सहा, दहा आणि चौदा आठवड्यांना, पेंटाव्हॅलंट या पाच आजारांच्या एकत्र लसीतून. पहिले दोन कोप्यांवर, म्हणजे तोडकऱ्यांच्या झोपड्यांवर, आलेल्या सिस्टरनी दिले, तिसरा गावी आल्यावर. तिच्या गोळ्यांचं आणि यकृताच्या तपासण्यांचं डॉक्टर बघतात, ते पुढेही चालू राहील; बाळ झालं की आई सुटली असं यात नसतं.

बाळाची तपासणी नऊ महिन्यांच्या आधी करत नाहीत, आईकडून आणि इंजेक्शनातून आलेल्या प्रतिपिंडांमुळे चित्र नीट दिसत नाही. म्हणून ती ऑक्टोबरात आली, टोळी पुन्हा निघायच्या आधी. गुटगुटीत पोरगं, सुई टोचली तसं दवाखाना डोक्यावर घेतलं. विषाणू नाही, प्रतिपिंडं भरपूर. मी रिपोर्ट वाचून दाखवला, तिने तो पदराच्या टोकात घट्ट बांधला.

जाताना मी विचारलं, "ताटाचं काय झालं गं? अजून वेगळंच?"

ती हसायला लागली. "फडावर दोनच ताटं नेली होती मॅडम. एकात हे, एकात मी अन् आत्या. तिथं कुठलं आलंय वेगळं!"