जुन्या चेतकचं कार्बोरेटर आणि हेड घरी उघडावं का?

तुमचा प्रश्न असा दिसतो: वडिलांची टू-स्ट्रोक चेतक बरीच वर्षं पार्किंगमध्ये उभी आहे, किक बसते पण गाडी चालू होत नाही, कार्बोरेटर (हवा आणि पेट्रोल मिसळणारा भाग) आणि हेड (सिलिंडरचं वरचं झाकण) घरी उघडून पुन्हा नीट बसवता येईल का? (2020 पासून दिसणारी विजेवरची चेतक निराळी, तिच्यात हे काहीच नाही.)

येईल. पण सुरुवात कार्बोरेटरपासून करा, हेडला लगेच हात लावू नका. उभ्या गाडीतलं पेट्रोल उडून जातं, मागे चिकट राळ उरते आणि ती जेटचं, म्हणजे पेट्रोल मोजून सोडणाऱ्या पितळी तुकड्याचं, बारीक भोक बुजवते. बऱ्याचदा रोग एवढाच असतो.

इंजिन गार हवं, पेट्रोलचा कॉक बंद, प्लगची कॅप काढलेली. काम उघड्यावर करा. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, जमिनीलगत पसरते. बंद गॅलरीत, शेजारी गॅसची शेगडी किंवा उदबत्ती असताना हा उद्योग नको. पार्ट धुवायला रॉकेल नाही मिळालं तर डिझेल घ्या.

स्क्रूंची लांबी वेगवेगळी असते. मिठाईच्या खोक्याच्या झाकणावर कार्बोरेटरचा आकार काढा आणि ज्या जागचा स्क्रू त्याच जागी टोचून ठेवा. मिक्श्चरचा (हवा-पेट्रोलचं प्रमाण ठरवणारा) स्क्रू काढण्याआधी तो हलक्या हाताने पूर्ण आत फिरवून किती फेरे बसले ते लिहून ठेवा, परत बसवताना तेवढाच बाहेर घ्यायचा. जेटमध्ये तार घालू नका. पितळ मऊ असतं, भोक मोठं झालं की गाडी कायमची पेट्रोल पिऊ लागते. पंक्चरवाल्याकडून हवा मारून आणा. कार्बोरेटर क्लीनर मारायच्या आधी रबराचे वॉशर बाजूला काढा, ते फुगतात.

हेड खरंच उघडायचं असेल तर नट समोरासमोरचे, थोडे थोडे सैल करा. एकच नट पूर्ण काढून मग दुसऱ्याकडे वळलं तर हेड वाकायची भीती. पिस्टन वरच्या टोकाला आणा, कार्बन बांबूच्या कामटीने खरवडा, पोलादी स्क्रू ड्रायव्हरने नव्हे.

नुकसान होतं ते बहुतेक बसवताना. हेड अ‍ॅल्युमिनियमचं, प्लग पोलादी. वाकडा चढला की आटे गेलेच. प्लग भोकावर टेकवून आधी उलटा फिरवा. आटा आट्यात पडल्याची हलकी टक बोटांना कळते, तिथून सुलटा घ्या. पूर्ण तळापर्यंत हातानेच बसवा. मध्येच जड वाटला तर मागे घ्या, पान्याने रेटू नका. वॉशरचा नवा प्लग हाताने टेकला की पान्याने साधारण अर्धा फेरा पुरतो. हेडचे नटही आधी हाताने, मग समोरासमोर दोन-तीन फेऱ्यांत, मॅन्युअलमधल्या आकड्यावर टॉर्क पान्याने, म्हणजे किती जोर लागला ते दाखवणाऱ्या पान्याने.

स्पार्क बघायला प्लग बाहेर काढून किक मारणार असाल, तर आधी सांडलेलं पेट्रोल पुसून जागा वाळू द्या.

पॅकिंग (जोडांमधली गॅस्केट) नवीनच टाका. पुण्यात नाना पेठेत स्पेअर पार्ट घ्यायला जाताना जुनं पॅकिंग आणि जेट खिशात न्या, मॉडेलचं नाव सांगून चुकीचं किट हातात पडतं. साधे पाने जुन्या बाजारात मिळतील, टॉर्क पाना मात्र नवाच घ्या. पिस्टन-रिंगच्या पुढचं काम, म्हणजे क्रँक आणि बेअरिंग, पुलर आणि प्रेस असलेल्या मेकॅनिककडेच द्या.