परभणीला निघालेल्या मुलास

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

परवा तुझ्या आईचा फोन आला. कृषीची जागा हुकली, परभणीच्या सामुदायिक विज्ञान महाविद्यालयात नंबर लागला, आणि काका म्हणाले, "पोराला आता पोळ्या लाटायला पाठवता का?" तू नुसता ऐकत बसलास म्हणे. काकांचं राहू दे, पण तुझ्या मनात काही सलत असेल तर ते निघायला हवं, म्हणून लिहायला बसले.

सामुदायिक विज्ञानाला आपल्याकडे अजूनही गृहविज्ञानच म्हणतात. पोषण, वस्त्रशास्त्र, संसाधन व्यवस्थापन, विस्तार शिक्षण हे सगळं तुला शिकावं लागेल आणि शिकण्यासारखंच आहे. पण तुझं मन रमेल ते मानव विकास आणि कौटुंबिक अभ्यास या विभागात. लग्नकार्यात तू मोठ्यांच्या गप्पा सोडून लहान पोरांच्या घोळक्यात जाऊन बसतोस, हे मी पाहिलंय.

या विषयाची खरी अडचण अशी, की तो आपल्याला येतोच असं प्रत्येकाला वाटतं. मुलं कुणी वाढवली नाहीत? घर कुणी पाहिलं नाही? म्हणून तुझं पहिलं काम हे 'येतं' बाजूला ठेवण्याचं. मला ते कसं उमगलं ते सांगते.

शिकत असताना मला बीड जिल्ह्यातल्या एका गावात बालवाडीतल्या मुलांची निरीक्षणं लिहायला पाठवलं होतं. चार वर्षांची एक मुलगी पायातली चप्पल काढायलाच तयार नव्हती. सगळ्यांच्या चपला दाराशी, हिची पायात. गाण्याला उभी राहिली तरी चप्पल, खिचडी खायला बसली तरी चप्पल. मी वहीत लिहिलं, 'मुलगी हट्टी आहे.' आमच्या बाईंनी त्यावर लाल रेघ मारली. म्हणाल्या, "हट्टी हे तुझं मत झालं. ती काय करते ते लिही. किती वाजता, कुठे, कुणासमोर, त्याच्या आधी काय झालं, नंतर काय झालं."

मला राग आला होता. पण लिहीत गेले, आणि तिसऱ्या दिवशी वही वाचताना दिसलं, की रस्त्यावरून ट्रॅक्टर गेला की ती उठून दाराशी जाते. आजीला विचारलं. आईबाप ऊसतोडीला गेले होते, पहाटे, ट्रॅक्टरमधून, ही झोपेत असताना. पुढच्या वेळी मागे राहायचं नाही म्हणून ती तयार होऊन बसायची. चप्पल घालून.

ती वही मी अजून जपून ठेवली आहे.

दुसऱ्या-तिसऱ्या वर्षात तुला मानसशास्त्रज्ञ युरी ब्रॉन्फेनब्रेनर शिकवतील. मुलाभोवती एकात एक वर्तुळं असतात, घर, शाळा, शेजार, आईबापाचं काम, सरकारी धोरण, रूढी, असं त्यांनी 1979 साली मांडलं. परीक्षेत सगळे ती वर्तुळं काढतात आणि गुण मिळवतात. तू ती काढशील तेव्हा या मुलीची चप्पल मधोमध ठेव. मुकादमानं दिलेली आगाऊ उचल, नवरा-बायको मिळून मोजला जाणारा कोयता, दिवाळीच्या आगेमागे सुरू होणारा साखर कारखान्याचा हंगाम, गावात हंगामी वसतिगृह असणं किंवा नसणं, यातलं काहीही त्या मुलीनं पाहिलेलं नव्हतं. तरी सगळं तिच्या पायापर्यंत पोचलं होतं. तुझ्या जिल्ह्यातून दरवर्षी अशा टोळ्या निघतात. पुस्तकातली उदाहरणं परदेशातली असली तर उरलेली तू आपल्या तालुक्यातून भर.

मोजमापाचंही तसंच. अमुक महिन्यांचं बाळ बसतं, तमुक महिन्यांचं चालतं, हे तक्ते आधी परदेशी बाळांवरून आले. बडोद्याच्या डॉ. प्रमिला फाटक यांनी भारतीय बाळांसाठी विकासमापन श्रेणी तयार केली. ती आजही डॉक्टर आणि मानसशास्त्रज्ञ वापरतात. हे काम किती चिकाटीचं असेल याचा विचार कर. संख्याशास्त्राचा कंटाळा आला की त्यांची आठवण काढ आणि गणितं सोडव.

मुलांच्या विचारांचा अभ्यास करणाऱ्या मानसशास्त्रज्ञ पियाजेचा पाण्याचा प्रयोग तर घरीच करून बघ. दोन सारख्या पेल्यांत सारखं पाणी, मग एका पेल्यातलं पाणी उंच, अरुंद ग्लासात ओत. चार-पाच वर्षांचं मूल बहुतेक वेळा म्हणेल, उंच ग्लासात जास्त आहे. मात्र प्रश्न मुलाच्या भाषेत विचार. बंजारा तांड्यावरचं मूल घरी गोरमाटी बोली बोलतं. त्याला तू पुस्तकी मराठीत 'प्रमाण' विचारलंस आणि ते गप्प राहिलं, तर ती परीक्षा तुझ्या प्रश्नाची झाली. 'समजत नाही' असा शेरा अशा मुलांवर मी इतक्यांदा पाहिला आहे, की आजही त्रास होतो.

मूल जिथे आहे तिथे आपण जायचं, ही वाट आपल्याकडे जुनी आहे. ताराबाई मोडकांनी 1945 साली बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं आणि अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. आदिवासी पाड्यांवरची मुलं बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडीच त्यांच्या अंगणात गेली. गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा निघाली. 2 ऑक्टोबर 1975 ला देशात 33 ठिकाणी एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली, तिची अंगणवाडी आता बहुतेक गावांत आहे. तिथल्या सेविकेकडे शिकायला जा, तपासायला नको. वजन, उंची, दंडघेर, लसीकरण, घरपोच आहार, मोबाइलमधल्या नोंदी, पालक मेळावा आणि त्यात मुलांची गाणी, एवढं ती एका दिवसात कसं बसवते ते नुसतं बघ.

नोकरीचं थोडक्यात आणि खरं खरं सांगते. या पदवीनं तू समुपदेशक होत नाहीस, पुढे शिकावं लागतं. विशेष शिक्षणात, म्हणजे दिव्यांग मुलांना शिकवायला, जायचं तर भारतीय पुनर्वसन परिषदेची नोंदणी लागते. बालविकास प्रकल्प अधिकारी स्पर्धा परीक्षेतून निवडले जातात, जाहिरातीतली पात्रता स्वतः वाच. संस्था, संशोधन, अध्यापन या वाटा आहेतच. अंगणवाडी सेविकेचं पद मात्र बायकांसाठीच आहे.

तुझ्या वर्गात मुलगे कमी असतील. गावात एखादी आई तुझ्याशी बोलायला संकोचेल, तेव्हा सेविकेला सोबत घे, ओसरीवर बस, घरात जाऊ नकोस. बापांशी मात्र तू बोलू शकशील, पारावर, चहाच्या टपरीवर. आम्हा बायकांच्या वह्यांत बाप फार कमी आले. आईनं सांगितला तेवढाच बाप आम्ही लिहिला. ही उणीव तू भरून काढ, हे मी अगदी मनापासून मागते.

एक सांगायचं राहिलं. पहिलं वर्ष संपेपर्यंत तुला घरातल्या प्रत्येकात काहीतरी लक्षण दिसायला लागेल. कुणाच्याही मुलाला आजाराचं नाव देऊ नकोस. वहीत कुणाचं खरं नाव, गाव लिहू नकोस. लोक तुला घरातलं सांगतील, ते बसमध्ये मित्राला सांगू नकोस.

आणि सुरुवात आजोबांपासून कर. विकास सहा वर्षांना थांबत नाही. आजी गेल्यापासून ते दुपारचा चहा दोनदा मागतात, असं तुझी आई म्हणत होती. तिला वाटतं विसरतात. तू आठवडाभर त्यांच्याजवळ बस आणि लिही, किती वाजता मागतात, कुणाजवळ, कप हातात आल्यावर काय करतात. दिवाळीला आलास की वही घेऊन ये.

तुझी,
मावशी